होस्टेलमधलं भांडण मिटवायला बसताना

आधी ठरवा, प्रकरण मिटवायचं आहे की नोंदवायचं. रॅगिंगमध्ये तडजोड नसते. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९चा स्वतंत्र कायदा आहे आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. लैंगिक छळाची तक्रार संस्थेत त्यासाठीच नेमलेल्या अंतर्गत समितीकडे जाते. तिथेही समेट होतो तो तक्रारदार मुलीने स्वतः मागितला तर, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या बोलीवर कधीच नाही. मारहाण किंवा जातीवरून अपमान झाला असेल तर मध्यस्थाने लगेच बाजूला व्हावं. "जाऊ दे, वाढवू नकोस" हा सल्ला अशा वेळी दमदाटीच ठरतो.

उरतात ती रोजची भांडणं: रात्री दोनला चालू असलेला दिवा, फेस्टचा हिशेब, ग्रुपवर फिरलेला स्क्रीनशॉट. "खोली बदलून द्या" हा मार्ग मुंबईत बहुधा बंदच असतो, रिकामी खोली असते कुठे? आणि असली तरी तक्रार करणाऱ्यालाच हलवलं की त्याला ती शिक्षा वाटते.

मध्यस्थ दोन घ्या, दोघांच्याही विभागाबाहेरचे. वॉर्डन नको. खोल्या त्यांच्या हातात, त्यामुळे पोरं खरं न बोलता त्यांना आवडेल ते बोलतात.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे दोघांना आधी वेगवेगळं भेटणं. प्रत्येकी अर्धा तास, प्रश्न तीनच: काय झालं, त्यातलं काय जास्त लागलं, उद्यापासून काय बदलायला हवं. एकाच्या घरून सुके बोंबील येतात, दुसऱ्याला वास सहन होत नाही, असं भांडण घ्या. बोंबीलवाल्याला एकट्याला विचारलं की कळतं, वासाचं काहीच नव्हतं. "तुम्हा लोकांचं असलंच खाणं" हे वाक्य लागलं होतं. मग थांबा. ते जातीवरून होतं का, हे त्यालाच मोकळेपणी विचारा. असेल तर तक्रारीची वाट दाखवा.

नसेल तर दोन-तीन दिवसांत एकत्र बैठक. संध्याकाळी पाचची वेळ टाळा, लोकलने विरार-कसाऱ्याला परतणारा मध्यस्थ घड्याळच बघत बसतो. फोन बंद करून टेबलावर. एकाने पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकून तेच आपल्या शब्दांत सांगायचं. इथे "पण" आला की पुन्हा सुरुवात.

करार अर्ध्या पानाचा पुरे. "एकमेकांचा आदर ठेवू" असं लिहू नका. ते मोडलं की पाळलं, हे कुणालाच सांगता येत नाही. "बोंबील घट्ट झाकणाच्या डब्यात, खाताना खिडकी उघडी, तक्रार तोंडावर, ग्रुपवर नाही" असं लिहा. मित्रांना काय सांगायचं, तेही एक वाक्य दोघांनी मिळून ठरवावं. नाहीतर भांडण कॅन्टीनमध्ये नव्याने पेटतं. करार ठेवा, बाकीची टिपणं फाडा.

सातव्या दिवशी दोघांना पुन्हा वेगवेगळं विचारा, मग महिन्याने. पावसाळ्यात खिडकी उघडता येत नसेल तर तेवढं एक कलम बदला.