ऑडिओ इंटरफेस घेण्याआधी कॉम्प्युटरचं पोर्ट नीट बघा
ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक-गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र. त्याचे माइक-इनपुट मोजण्याआधी ते कॉम्प्युटरला कसं जोडायचं ते पाहा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो यूएसबी-सीचा. सी हा फक्त पिनचा आकार आहे, वेग नव्हे. थंडरबोल्ट ही जोडणीची वेगळी पद्धत; तिच्या ३ आणि ४ या आवृत्त्यांची पिनही अगदी तशीच दिसते, पण थंडरबोल्टचा इंटरफेस साध्या यूएसबी-सी पोर्टात बसतो आणि बहुतेक वेळा चालतच नाही. पोर्टाशेजारी विजेच्या बाणाची खूण आहे का बघा. नसेल तर लॅपटॉपची स्पेसिफिकेशन्स वाचा.

वेगाची मात्र फार धास्ती घेऊ नका. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ दर्जाच्या रेकॉर्डिंगचा एक चॅनल (म्हणजे एका माइकचा किंवा वाद्याचा आवाज) सेकंदाला जेमतेम २.३ मेगाबिट घेतो आणि जुन्या यूएसबी २.० ची क्षमता आहे ४८० मेगाबिट. गाणं आणि गिटार रेकॉर्ड करणाऱ्याला यूएसबी भरपूर झालं. थंडरबोल्टवर खर्च करावा तो भरपूर चॅनल आणि अगदी कमी लेटन्सी (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर) लागणाऱ्यांनी.

फायरवायर या जुन्या जोडणीचा सेकंडहँड इंटरफेस स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही, नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं.

आणि हो, यूएसबीवरच वीज घेणारा इंटरफेस हबला न लावता थेट कॉम्प्युटरला जोडा. ४८ व्होल्ट फँटम पॉवर (काही माइकना इंटरफेसमधून द्यावी लागणारी वीज) चालू केल्यावर आवाज तुटू लागला, तर आधी वीज कमी पडतेय का ते तपासा.