डीएसएल राउटरला आयपी देताना या चुका टाळा

जुलैची अखेर, रिटर्न भरायची ऐन गडबड, आणि सदाशिव पेठेतल्या एका सीएच्या ऑफिसातून फोन आला. वायफायला रेंज फुल, पण एकही साइट उघडत नाही. सकाळपासून पोरांनी राउटर चार वेळा रीसेट केला होता. टेबलाखाली वाकून बघितलं, तर डीएसएल मोडेमच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट आणणाऱ्या डब्याच्या, लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टातून निघालेली वायर नव्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या बाजूच्या) पोर्टात नीट बसलेली. जोडणी बरोबर होती, घोळ आयपी पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कात प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या आकड्यांचा होता. मोडेम 192.168.1.1 वर आणि नव्या राउटरची लॅनही 192.168.1.1 वर. वॅन आणि लॅन एकाच नेटवर्कात आल्यावर पॅकेट कुठल्या बाजूला सोडायचं हे राउटरने ठरवायचं कसं?

लॅन 192.168.20.1 केली आणि सेव्ह दाबलं. पान अडकलं. शेजारच्या पोराचा हात लगेच रीसेटच्या भोकाकडे! अरे, थांब. राउटर नव्या पत्त्यावर गेलाय, तुझा लॅपटॉप अजून जुन्यावर आहे. वायर काढ, परत लाव, नवा पत्ता टाक. पाच मिनिटांत पोर्टल उघडलं. ही घाई मी रोज बघतो आणि दर वेळी जीव तुटतो, कारण रीसेटमध्ये आधीचं सगळं सेटिंगही जातं. मी राउटरला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंचे पत्ते आणि मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) कागदावर लिहितो, आणि निघताना राउटरच्या पोटाला चिकटवतो.

दुसरी चूक प्रिंटरची. त्याला हाताने 192.168.1.105 देतात आणि डीएचसीपी, म्हणजे राउटरमधली आपोआप पत्ते वाटणारी सोय, शेवटचा आकडा 100 ते 200 असलेले पत्ते वाटत असते. एक दिवस तोच आकडा कुणाच्या तरी मोबाइलला जातो आणि प्रिंट अडकते. माझे प्रिंटर कायम 50 च्या आत.

पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून नेट जोडायची पद्धत) असेल तर वॅनचा आयपी कंपनीकडून येतो, हाताने भरू नका. तिथे मास्क 255.255.255.255 दिसला म्हणून घाबरू नका, ते बरोबरच आहे.

मोडेम ब्रिजला टाकलात, म्हणजे नेट जोडायचं काम मोडेमऐवजी राउटरला दिलंत, तर युजरनेम फक्त राउटरवर.

काही साइट अर्धवट उघडत असतील तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, 1492 आहे का बघा. 1500 मधले 8 बाइट पीपीपीओई खातो.

लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा पत्ता आला, म्हणजे राउटरकडून पत्ता न मिळाल्याने त्याने तो स्वतःच घेतला, तर कंपनीला फोन लावण्याआधी राउटरचा डीएचसीपी चालू आहे का ते तपासा.