काचेवर आलेलं धुकं

१:२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेल गाडीची पुढची काच मी घाईत सुपरग्लूने चिकटवली. सकाळी पाहतो तर कडेकडेने पांढरट धुकं! आतला डॅशबोर्ड, त्यावर सुईच्या टोकाने रंगवलेला स्पीडोमीटरचा काटा, काहीच दिसेना. जीव हळहळला.

सुपरग्लूची वाफ ओलाव्यामुळे घट्ट होऊन काचेवर बसते. नुसती पुसून जात नाही. काच अलगद सोडवली. ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला, मग ६०००, मग ८०००. सुरुवातीला काच आणखीच गढूळ दिसते, तिथे घाबरू नका. शेवटी सुती कापडाने पॉलिशिंग कंपाऊंड घासलं आणि काटा पुन्हा दिसला!

बसवताना मात्र पांढरा पीव्हीए गोंद (फेव्हिकॉलसारखा) वापरला, टूथपिकने. तो सुकल्यावर पारदर्शक होतो.