दोर, बोया आणि एडीसीपी: सागरी प्रवाह मोजण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात गोवा-रत्नागिरीसमोरच्या समुद्रावर हलका उत्तरेचा वारा असतो. वाऱ्याने पाणी ढकललं असतं तर ते दक्षिणेकडे जायला हवं. पण भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, संपून समुद्र झपाट्याने खोल होत जातो, त्या कडेकडेने पाणी वाहतं ते उत्तरेकडे, वाऱ्याच्या अगदी उलट. पावसाळ्यात हीच दिशा फिरते. एम.एस्सी.ला पश्चिम भारतीय किनारी प्रवाहाबद्दल हे वाचलं तेव्हा मला ते पटेना. पटवून घ्यायच्या नादात मी या कामात आले आणि इथेच रमले.

या कोड्याचं बरंचसं उत्तर आपल्या किनाऱ्यावर सापडतच नाही. बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांनी तिथल्या पाण्यात जी खळबळ होते, ती केल्विन लाटांच्या रूपाने किनारा उजव्या हाताला ठेवून पुढे सरकते. आधी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे, मग श्रीलंकेला वळसा घालून केरळ, गोवा, कोकण असं उत्तरेकडे. वेग दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. या लाटांमुळे समुद्राची पातळी थोड्याच सेंटिमीटरांनी वरखाली होते आणि ती शेकडो किलोमीटरवर पसरलेली असते, म्हणून बोटीवर उभं राहून त्या कधीच दिसत नाहीत. सतीश शेट्ये, डी. शंकर यांच्यासारख्या संशोधकांनी गोव्यात बसून हे चित्र सिद्धान्त आणि प्रतिमानांतून उभं केलं. समुद्रात ते खरोखर तसंच घडतं का, हे तपासायचं तर एका जागी वर्षानुवर्षं मोजत राहायला हवं. बोट एका ठिकाणी दिवस-दोन दिवस थांबते. उपग्रह पृष्ठभागाची उंची मोजतो, पण किनाऱ्याजवळ त्याची नोंद बिघडते आणि पृष्ठभागाखाली काय चाललंय ते त्याला थेट दिसत नाही. म्हणून मूरिंग, म्हणजे तळाशी वजनाने बांधून पाण्यात उभा ठेवलेला यंत्रांचा दोर.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने खंडान्त उतारावर, म्हणजे मंच संपून तळ खोल होत जातो त्या भागात, असे मूरिंग लावले. 2008 ते 2012 या काळात कन्याकुमारी, कोल्लम, गोवा आणि मुंबई या चार ठिकाणांसमोर मिळालेल्या नोंदींतून पश्चिम किनाऱ्याचं एक नवं चित्र समोर आलं. ऋतूप्रमाणे होणारा बदल उत्तरेकडे जाताना वाढतो, तर काही आठवड्यांच्या अंतराने होणारी चढउतार दक्षिणेकडे जास्त जोरकस असते. पृष्ठभागाखाली उलट दिशेचा प्रवाहही असतो आणि ऋतू सरत जातो तसा तो वर येत जातो. पूर्व किनाऱ्यावर कडलूर, काकीनाडा, विशाखापट्टणम आणि गोपाळपूरसमोरही असंच काम झालं. या क्षेत्रात येणाऱ्याने यावरचे शोधनिबंध आधी वाचावेत. यंत्रं हाताळायला नंतर भरपूर वेळ मिळतो.

आता मूरिंग खालून वर कसं असतं ते सांगते. तळाशी जड लोखंडी वजन. बऱ्याच ठिकाणी रेल्वेची जुनी चाकं वापरतात. त्याच्या वर अकूस्टिक रिलीज, म्हणजे बोटीवरून ठरावीक ध्वनिसंकेत मिळाला की आपला हूक उघडून वजन सोडून देणारं उपकरण. मग शेकडो मीटर दोर, आणि तो ताणून धरायला मध्ये मध्ये काचेचे पोकळ गोळे. सगळ्यात वर, पृष्ठभागापासून दीडदोनशे मीटर खाली, मोठा बोया आणि त्यात वर तोंड करून बसवलेला एडीसीपी, म्हणजे अकूस्टिक डॉप्लर करंट प्रोफायलर. त्या जागी पाणी हजारएक मीटर खोल असतं. पृष्ठभागावर काहीही दिसत नाही आणि ते मुद्दामच तसं असतं, कारण वर तरंगणारी वस्तू लाटा, जाळी आणि कुतूहल या तिन्हींतून वाचत नाही.

भूखंडमंचावरचं उथळ पाणी हे वेगळंच प्रकरण आहे. मुंबईसमोर हा मंच तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे, गोव्यासमोर शंभरएक, केरळसमोर त्याहून अरुंद. तिथे ट्रॉलरची जाळी तळ खरवडत जातात आणि उभा दोर टिकणं कठीण. म्हणून यंत्र जड चौकटीत बसवून तळावरच ठेवतात. त्याआधी मच्छीमार सोसायट्यांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला जागा कळवायची, बंदरावर जाऊन तांडेलांशी, म्हणजे मासेमारी बोटींच्या प्रमुखांशी, बोलायचं. नवशिक्यांना हे कारकुनी काम वाटतं. माझ्या मते मंचावरच्या मोजणीत याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही. ज्या तांडेलाला यंत्र कशासाठी ठेवलंय ते कळलेलं असतं, तो जाळं टाकताना ती जागा चुकवतो. शिवाय पाण्याची ओढ कुठल्या महिन्यात कुठे असते, हे तो तुम्हाला आलेख न बघता सांगतो.

एडीसीपीचं तत्त्व साधं आहे. उभ्या रेषेपासून 20 अंश कललेले चार ध्वनिझोत तो वर सोडतो. वारंवारता दीड लाख हर्ट्झच्या आसपास. पाण्यात तरंगणारे बारीक प्राणिप्लवक हा आवाज परतवतात, आणि ते पाण्याबरोबर वाहत असल्यामुळे परतणाऱ्या आवाजाची वारंवारता किंचित बदलते. पाणी झोताच्या दिशेने सेकंदाला 10 सेंटिमीटर सरकत असेल तर दीड लाखात फरक पडतो तो अवघा 20 हर्ट्झचा. एका पिंगमध्ये, म्हणजे एकदा सोडलेल्या आवाजात, हा फरक गोंगाटात बुडून जातो, म्हणून बऱ्याच पिंगांची सरासरी काढावी लागते. आवाज परतायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते आणि पाण्याच्या एकेका थराचा, समजा चार-चार मीटरच्या थराचा, वेग मिळतो. पृष्ठभागाजवळचा साधारण 6 टक्के भाग मात्र सोडून द्यावा लागतो, कारण तिथे पृष्ठभागावरून सरळ आपटून आलेला आवाज खऱ्या संकेतावर मात करतो. यंत्र 160 मीटरवर असेल तर वरचे दहाएक मीटर हातचे गेले. माहिती नीट दिसत असली तरी त्या थरांवरून निष्कर्ष काढायचे नाहीत.

या कामाचा गाभा जमिनीवरच्या तयारीत आहे. यंत्र एकदा पाण्यात गेलं की वर्षभर त्याला हात लागत नाही आणि मध्ये पावसाळा उभा असतो.

यंत्राच्या झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, घ्या. ती काढून स्वच्छ, मऊ कापडाने पुसायची, बोटांतून फिरवत चीर किंवा चपटेपणा आहे का ते बघायचं, खाच उजेडात धरून तपासायची आणि मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. दिसेल न दिसेल असा. ग्रीस जास्त झालं की धूळ धरतं. एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तर दीडशे मीटर खोलीवर, वातावरणाच्या पंधरा पट जादा दाबाखाली, पाणी तिथूनच वाट काढतं. हे काम करताना कुणाशी बोलू नये, फोन बाजूला ठेवावा. आमच्या प्रयोगशाळेत एकजण करतो आणि दुसरा शेजारी उभा राहून बघतो. नंतर दोघेही सही करतात.

बॅटरी बदलली की होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करायचं, कारण बॅटरीतल्या लोखंडामुळे त्याची दिशा ढळते. हे खोलीत जमत नाही, स्लॅबमधल्या सळ्या आड येतात. मोकळं मैदान, गाड्या लांब, लाकडी किंवा प्लॅस्टिकचं फिरतं टेबल, आणि खिशातल्या किल्ल्याही बाहेर. याचं महत्त्व आकड्यांत बघा. किनाऱ्याला समांतर प्रवाह सेकंदाला 50 सेंटिमीटर असेल आणि दिशेत 10 अंशांचा फरक राहिला, तर किनाऱ्याला आडवा असा जवळजवळ 9 सेंटिमीटरचा खोटा प्रवाह तयार होतो. खरा आडवा प्रवाह बऱ्याचदा एवढाही नसतो. मग मंचावरून पाणी बाहेर जातंय की आत येतंय, हा सगळा प्रश्नच हातचा जातो.

घड्याळाचंही तसंच. यंत्राची वेळ कुठली, ग्रिनिच की भारतीय, हे नोंदवहीत ठसठशीत लिहायचं. मुख्य चांद्र भरतीचं चक्र 12.42 तासांचं असतं. त्यात साडेपाच तास इकडचे तिकडे झाले की भरती आणि ओहोटी जवळजवळ अदलाबदल होतात. यंत्र वर आल्यावर त्याचं घड्याळ किती पुढे-मागे गेलंय तेही लगेच नोंदवायचं, बॅटरी काढण्याच्या आत.

शॅकल आणि स्विव्हल या जोडकड्या, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे ॲनोड यांच्याबद्दल प्रत्येक गटाचे आपापले नियम असतात. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत आणि प्रत्येक पिन पक्की बांधायची, एवढं सगळीकडे सारखं.

मूरिंग सोडताना सहसा बोया आधी पाण्यात जातो आणि वजन शेवटी. बोट प्रवाहाविरुद्ध सावकाश चालत राहते, मागे दोर सुटत जातो, आणि ठरलेल्या जागेच्या थोडं पुढे जाऊन वजन सोडतात, कारण खाली जाताना ते मागे सरकतं. मग बोट तीन वेगवेगळ्या जागी नेऊन रिलीजपर्यंतचं अंतर ध्वनीने मोजायचं. त्यातून मूरिंग तळावर नेमकं कुठे बसलं ते ठरतं. डेकवर बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, शब्द शेवटचा, तुमच्याकडे पीएच.डी. असली तरी. सुटत्या दोराच्या वेढ्यात पाय ठेवायचा नाही, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. "मॅडम, मागं व्हा" असं कुणी ओरडलं तर आधी मागे व्हायचं आणि कारण नंतर विचारायचं.

मूरिंग काढण्याच्या दिवशी ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारं आणि ऐकणारं उपकरण, पाण्यात सोडून रिलीजला संकेत पाठवतात. उत्तर आलं, अंतर कमी होऊ लागलं, की मूरिंग निघालं. मग सगळे कठड्याला. बोया बहुतेक वेळा आधी खलाशांना दिसतो.

नोंदी हाती आल्यावर बरेच जण थेट वेगाचा आलेख काढतात. आधी दाबाचा काढा. जोराचा प्रवाह आला की मूरिंगचा दोर पतंगाच्या मांजासारखा कलतो आणि यंत्र खाली जातं. ती खोली दुरुस्त केली नाही तर वेगळ्याच थराचे आकडे आपण आपल्या थराचे म्हणून वाचत बसतो. त्यानंतर परतलेल्या आवाजाची तीव्रता बघा. प्राणिप्लवक संध्याकाळी वर येतात आणि पहाटे खाली जातात. त्याचे रोजचे पट्टे आलेखात इतके स्पष्ट दिसतात की मी अजूनही त्या पानावर रेंगाळते. प्रवाहासाठी लावलेल्या यंत्रातून जीवशास्त्रज्ञांना अख्ख्या वर्षाची नोंद फुकटात मिळते. मात्र या उभ्या हालचालीमुळे पाण्याच्या उभ्या वेगाचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत.

मग वेगाचे अक्ष तिथल्या उताराच्या दिशेशी जुळवून घ्यायचे, भरती-ओहोटी गाळायची, आणि जडत्वीय दोलनं, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी गोल गोल फिरतं ती, ओळखायची. त्यांचा काळ अक्षांशावर ठरतो, गोव्याच्या अक्षांशावर साधारण 45 तास, मुंबईच्या 37. हे सगळं गाळून जे हळू बदलणारं उरतं, त्यात बंगालच्या उपसागरातून आलेला निरोप सापडतो. पहिल्यांदा कोल्लमची आणि गोव्याची मालिका एकाखाली एक ठेवून बघताना मी जेवायला जायचं विसरले होते.

शिक्षणाबद्दल. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित असेल तर पाया चांगला. पुढे गोवा विद्यापीठ, कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, आंध्र विद्यापीठ इथे समुद्रविज्ञान शिकता येतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि काही आयआयटींत वातावरण-समुद्र विज्ञानाचे विभाग आहेत. संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, समुद्र आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. गोव्याखेरीज हैदराबादची इन्कॉईस (महासागर माहिती सेवा केंद्र) आणि चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था) या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. प्रकल्पावरच्या तात्पुरत्या जागा निघतात आणि डेकचा अनुभव बहुतेकांना तिथेच मिळतो. इन्कॉईसच्या प्रशिक्षण केंद्रातले छोटे अभ्यासक्रमही उपयोगी आहेत. इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांनी मागे राहू नये, मूरिंगच्या गटात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

संगणकावर लिनक्स आणि पायथन आलंच पाहिजे. आपल्याकडे समुद्रविज्ञानात फेरेट हे नोंदींचे आलेख काढायचं सॉफ्टवेअरही बरंच वापरलं जातं. मॅटलॅब मिळालं तर शिका, पण त्यासाठी अडून राहू नका. उंचसखल आकड्यांची मालिका, तिचं फिल्टरिंग आणि स्पेक्ट्रम हे एकदा हाताने, सोप्या उदाहरणावर करून बघा. तयार फंक्शन नंतर वापरा.

बोट लागण्याची भीती बऱ्याच जणांना असते. पहिले एक-दोन दिवस जड जातात, मग शरीर सवय करून घेतं. गोळी बंदर सोडण्याच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नसतो, आणि कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पोट रिकामं ठेवू नका. मुलींच्या घरून हमखास विचारतात, बोटीवर मुली जातात का? जातात, डेकवर काम करतात, मोहिमांचं नेतृत्वही करतात. घरच्यांना बोटीचा कार्यक्रम, बंदरं आणि संपर्काची सोय लिहून दिली की काळजी निम्मी होते.

अर्ज करताना गुणपत्रिकेबरोबर हातानं केलेलं काहीतरी जोडा. बंदरांवरच्या भरतीमापकांच्या नोंदी युनिव्हर्सिटी ऑफ हवाईच्या समुद्रपातळी केंद्रातून मोफत उतरवून घेता येतात, कोचीची मालिका त्यात आहे. तिच्यातली भरती गाळा, उरलेल्या पातळीची प्रत्येक महिन्याची सरासरी काढा आणि हिवाळ्यात पातळी का वर असते यावर दोन पानं लिहा. मुलाखतीत त्या दोन पानांवर अर्धा तास सहज बोलणं होतं.