बोअरच्या पाण्याचं संशोधन गावासमोर मांडताय? या चुका टाळा

यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. हा खडकातून पाण्यात उतरणारा घटक, जास्त झाला तर दात आणि हाडं बिघडवणारा. तिथल्या महाविद्यालयांतले रसायनशास्त्राचे आणि भूशास्त्राचे प्राध्यापक नमुने घेतात, मोजतात, शोधनिबंध लिहितात. मग कधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, कधी ग्रामसभेत, कधी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात तेच काम गावाला सांगायची वेळ येते. परिषदेत मांडणी फसली, तर फार तर दोन प्रश्न जास्त येतात. गावात फसली, तर लोक दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचं काहीतरी भलतंच करून बसतात.

धोका सांगितला, उपाय सांगितलाच नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "पाणी खराब आहे" एवढं कानावर पडलं की घरोघरी चुलीवर पातेली चढतात, कारण कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीत सगळ्यांना तेच शिकवलेलं असतं. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. फ्लोराइड मात्र उकळून उडून जात नाही. पाणी आटतं आणि तेवढंच फ्लोराइड कमी पाण्यात राहतं. लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं १० लिटर पाणी आटून ८ लिटर झालं, तर ते प्रमाण २.५ होतं. हा हिशेब फळ्यावर करून दाखवा.

पण "पाणी उकळू नका" असंही म्हणू नका. लोक विहिरीचं पाणी उकळायचंही सोडतील. "उकळल्याने फ्लोराइड जात नाही, जंतू मरतात" हे वाक्य पूर्ण म्हणा आणि दोनदा म्हणा.

साधा कँडल फिल्टर, क्लोरीनचे थेंब, अतिनील दिव्याचं यंत्र, यांनीही फ्लोराइड कमी होत नाही. तुरटीबद्दल प्रश्न हमखास येतो. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात हे खरं. पण त्यांचं प्रमाण पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षारता (आम्ल शमवण्याची पाण्याची क्षमता) मोजून ठरवावं लागतं. हंड्यात तुरटीचा खडा फिरवला की गाळ खाली बसतो, फ्लोराइड तिथेच राहतं. उपयोग होतो तो आरओचा, सक्रिय अॅल्युमिनाच्या (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) फिल्टरचा आणि दुसऱ्या स्रोताचा. उथळ विहिरीत फ्लोराइड अनेकदा कमी असतं, कारण बोअरचं खोल पाणी कठीण खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं. तरीही ती विहीर तपासल्याशिवाय तिचं नाव घेऊ नका.

आकडा सुटा ठेवला

"तीन पीपीएम" म्हणून पुढे गेलात, तर कोणालाच काही कळत नाही. १ पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १ ग्रॅम. पण एवढ्यावर थांबलात, तर "एक ग्रॅमने काय होतंय?" असं वाटून धोका हलका होतो. म्हणून लगेच पोटात जाणारी मात्रा सांगा. ३ मिलिग्रॅमचं पाणी दिवसाला २ लिटर पिणाऱ्याच्या पोटात ६ मिलिग्रॅम जातात; उन्हाळ्यात शेतात राबणारी बाई ५ लिटर पीत असेल, तर तिच्या पोटात १५. बोअर एकच, पण मजुरी करणाऱ्याच्या अंगावर जास्त येतं. हे ऐकलं की सभा शांत होते, आणि ते योग्यच आहे.

"मर्यादेच्या तिप्पट" म्हणताना मर्यादा कोणती, तेही सांगा. भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य पातळी आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. म्हणजे ३ मिलिग्रॅम एका हिशेबाने तिप्पट आणि दुसऱ्या हिशेबाने दुप्पट. दोन वक्त्यांनी दोन आकडे सांगितले की लोकांचा दोघांवरचाही विश्वास उडतो. तसंच ०.३ वरून ०.६ झालं तर "फ्लोराइड दुप्पट वाढलं" हे वाक्य खरं असूनही घाबरवणारं आहे. मूळ आकडा आधी ठेवा.

नमुना कोणत्या महिन्यातला, हे न सांगणं हीसुद्धा चूकच. मे महिन्यातला आकडा आणि पावसाळ्यानंतरचा आकडा सारखा नसतो.

"लागण", "बाधित", "रोग"

जास्त फ्लोराइडमुळे दात आणि हाडं बिघडतात, त्याला फ्लुरोसिस म्हणतात. "फ्लुरोसिसची लागण झालेली गावं" असं सहज बोललं जातं. मराठीत लागण म्हणजे एकाकडून दुसऱ्याला होणारी. अशा एका शब्दाने त्या गावात सोयरीक करायला लोक बिचकतात. "पाण्यामुळे दातांवर पडलेले डाग" असं म्हणा. कायमच्या दातांचं वरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होतं, डाग त्याच काळात पडतात. म्हणून मोठ्या माणसाने आज पाणी बदललं तरी जुने डाग जाणार नाहीत, हेही स्पष्ट सांगा. नाहीतर सहा महिन्यांनी "काही फरक नाही" म्हणून घरं परत त्याच बोअरवर येतात. फायदा लहान मुलांच्या दातांना आणि सगळ्यांच्या हाडांना आहे.

"मग टूथपेस्टमध्ये फ्लोराइड कसं?" याचं उत्तर तयार ठेवा: ते दातांना वरून लागतं आणि थुंकायचं असतं, इथे वर्षानुवर्षं पोटात जातंय.

पडद्यावर मालकांची नावं

शोधनिबंधातला नकाशा जसाच्या तसा पडद्यावर टाकू नका. "अमक्याची बोअर, ४.२" असं गावासमोर दिसलं की तो माणूस तुमच्याशी परत बोलत नाही. ज्याची बोअर त्याला निकाल आधी, घरी जाऊन द्या. सार्वजनिक हातपंपांचे आकडे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा कर्मचारी) यांना सभेच्या आधी लेखी द्या. पडद्यावर वस्तीनिहाय रंग पुरेसे आहेत.

जाता जाता: स्लाइड जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील, तर शाळेच्या संगणकावर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. पीडीएफ करून न्या.

बातमी आणि बाटल्या

वार्ताहराला तोंडी माहिती देऊन निघून गेलात, तर "विषारी पाणी" असा मथळा येण्याची शक्यता मोठी. अर्ध्या पानाचं टिपण हातात द्या: पहिल्या ओळीत उकळण्याबद्दलचं ते पूर्ण वाक्य, मग आकडा, मर्यादा, महिना. छापण्याआधी आकडे तेवढे फोनवर वाचून दाखवायला सांगा.

सभा संपली की लोक नमुने आणतात, तेही औषधाच्या काचेच्या बाटलीत. फ्लोराइडसाठी काच नको, प्लॅस्टिक हवं. सूचना आदल्या दिवशीच फळ्यावर लिहा: एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली, हातपंप आधी काही मिनिटं चालवायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरून स्रोत, वस्ती आणि तारीख लिहायची. आणि निकाल कोणत्या तारखेला, कुठे मिळणार, हे तिथेच जाहीर करा.