नामाचे प्रकार शिकताय? आधी या चुका टाळा

नाशिकरोडला माझी संध्याकाळची शिकवणी आहे. दर जूनला नवी बॅच बसली की मी विचारते, नाऊनचे प्रकार किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "पाच!" प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरिअल (पदार्थवाचक), ॲबस्ट्रॅक्ट (भाववाचक). पाढ्यासारखं पाठ. मग मी सहज विचारते, कालचा रविवार कसा गेला, इंग्रजीत सांगा. पहिल्या बाकावरची मुलगी उठते आणि म्हणते, "मॅडम, आय हॅड मेनी होमवर्क्स."

पाच प्रकार पाठ आणि पहिल्याच वाक्यात नाम घसरलं, होमवर्कला एस लागत नाही. बावीस वर्षं हेच बघतेय. शाळेतली पोरं तशी, स्पर्धा परीक्षेवाले तसे आणि सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून थकून येणारे मोठे लोकही तसेच. त्यामुळे आता थोडं चिडूनच लिहितेय.

शब्दावर शिक्का मारणं

ही सगळ्यात जुनाट खोड. वहीत पाच रकाने आखायचे आणि भाजी निवडावी तसे शब्द टाकत जायचं. ग्लास मटेरिअलमध्ये, आयर्न मटेरिअलमध्ये, पेपर मटेरिअलमध्ये. रकाने भरले की समाधान. मग परीक्षेत "ही ब्रोक अ ग्लास" आलं की डोळे मिटून मटेरिअल लिहायचं आणि मार्क गेला की बाईंशी भांडायचं.

अहो, तो काच नाही फोडत, पेला फोडतोय. नुसतं ग्लास म्हणजे काच, अ ग्लास म्हणजे पेला. नुसतं आयर्न म्हणजे लोखंड, ॲन आयर्न म्हणजे इस्त्री. नुसता पेपर म्हणजे कागद, अ पेपर म्हणजे वर्तमानपत्र नाहीतर प्रश्नपत्रिका. जात शब्दाच्या कपाळावर लिहिलेली नसते. त्या वाक्यात तो काय काम करतोय, त्यावर ती ठरते.

हे समजवायला मी वर्गाला एकदा तरी भांडी बाजार, तांबट आळीकडे फिरवून आणते. तिथे तांब्या हातात घ्यायला लावते आणि विचारते, हा शब्द कुठून आला? तांब्यापासून. मूळ धातू तांबं, त्याचं भांडं तांब्या. पुढे पितळेचा तांब्या आला, स्टीलचा तांब्या आला, तरी कुणाला खटकलं नाही, कारण शब्द धातूपासून सुटून भांड्याला चिकटला होता. इंग्रजीतल्या ग्लासचं हेच झालंय. काच होती, काचेचा पेला झाला. आपण तर त्याच्याही पुढे गेलो आणि स्टीलचा ग्लास म्हणू लागलो. इंग्रजीत मात्र अ स्टील ग्लास कानाला चमत्कारिक लागतं, तिथे टंबलर म्हणा.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्याचं, कांदा. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेला शेतकरी म्हणतो, "यंदा कांदा पडला." शेकडो क्विंटल असला तरी एकवचन. घरी आई म्हणते, "दोन कांदे चिर." इथे मोजून. मिसळीच्या गाड्यावर आपण म्हणतो, "थोडा कांदा वाढवा." पुन्हा न मोजता. तिन्ही वाक्यं आपण झोपेतही बरोबर बोलतो. इंग्रजीतही चिरायचे असतात ते टू ओनियन्स आणि मिसळीवर पडतो तो सम ओनियन, एस न लावता. म्हणजे मोजायचं कधी आणि ढीग म्हणून बघायचं कधी, ही जाण आपल्याकडे आधीपासून आहे. रकाने आखले की ती मरते. शेतकऱ्याचं वाक्य मात्र जसंच्या तसं उचलून "ओनियन हॅज फॉलन" केलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल पिशवीतून एक कांदा घरंगळला. तिथे ओनियन प्राइसेस म्हणावं लागतं.

माझी सवय सांगते, हवी तर घ्या. वहीत नाम कधीही एकटं लिहायचं नाही. प्रत्येक नामाची दोन वाक्यं करायची, एक अ, ॲन किंवा आकडा लावून, दुसरं काहीही न लावता. एखादं वाक्य जमत नसेल तर समोर लिहायचं, "जमत नाही". दिवसाला चार शब्द होतात, जास्त नाही. ज्यांना आठवड्यात चारशे शब्द हवे असतात ते माझ्याकडे टिकत नाहीत आणि मलाही त्यांची आठवण येत नाही.

जास्त असलं की एस

ही चूक शिकवणाऱ्यांनीच पेरलेली आहे. त्यात मीही आले.

काही वर्षांपूर्वी पिंपळगाव बसवंतकडचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ऑफिसात होता. हुशार, पण घाईचा. मार्चचे दिवस, हंगाम भरात. त्यांचा एक कंटेनर युरोपात पोचला आणि तिथून फोटो आले. काही पेट्यांत मणी गळलेले, देठ सुकून तपकिरी झालेले. मालक बाहेरगावी. आपण गप्प बसलो तर बरं दिसणार नाही म्हणून यानेच मेल टाकला, "वुई आर सॉरी. वुई ॲक्सेप्ट ऑल डॅमेजेस."

त्याच्या मनात साधी गोष्ट होती. नुकसान झालेलं दिसतंय, आम्ही नाकारत नाही. नुकसान बऱ्याच पेट्यांचं, म्हणून एस.

आता इंग्रजीत डॅमेज म्हणजे नुकसान, आणि ते मोजत नाहीत. एका पेटीचं असो की अख्ख्या कंटेनरचं, डॅमेजच. डॅमेजेस हा वेगळाच शब्द आहे, कोर्टकचेरीतला. त्याचा अर्थ नुकसानभरपाई. म्हणजे याने लेखी कळवलं होतं की सगळी भरपाई आम्हाला मान्य. दुसऱ्या दिवशी समोरून आभाराचा मेल आला, सोबत रकमेचा आकडा.

ग्राहक जुना होता, मालकाने फोनवर खुलासा केला, गोष्ट निभावली. पण ते आठ दिवस या पोराने कसे काढले ते त्यालाच माहीत. वर्गाला आला तेव्हा तोंड उतरलेलं. मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगितलं होतं ना, एकापेक्षा जास्त असलं की एस लावा."

सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात, सोपं पडावं म्हणून. अपवाद पुढे बघू म्हटलं होतं आणि ते पुढे काही आलंच नाही. तेव्हापासून मी पहिल्या तासाला एस शिकवतच नाही. आधी विचारते, ही गोष्ट मोजता येते का, आणि इंग्रज ती मोजतात का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गोची नेमकी तिथेच होते. मराठीत आपण सल्ले देतो, बातम्या ऐकतो, आपले केस गळतात. सगळं अनेकवचनात. म्हणून ॲडव्हाइसेस, न्यूज आर आणि माय हेअर्स आर फॉलिंग येतं. ॲडव्हाइसला एस नाही. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, पण तो शब्द एकवचनी, न्यूज इज. डोक्यावरचे ते सगळे मिळून हेअर. वरणात एखादा सापडला तर तो अ हेअर, आणि असे दोन सापडले तर टू हेअर्स. तिथे मात्र मोजा.

जिथे मराठीही मोजत नाही तिथे आपण उगाच घाबरतो. सामान घ्या. दोन सामानं असं कुणी म्हणतं का? स्टेशनावर हमाल विचारतो, "किती नग?" गावाकडे डाग म्हणतात. इंग्रजीतही लगेजला एस नाही, फोर पीसेस ऑफ लगेज. आपला नग म्हणजेच त्यांचा पीस. फर्निचर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन सगळं याच चालीवर. इक्विपमेंट्स तर मी चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या पाट्यांवर पाहिलंय.

पैशाचं सांगायचं तर आमच्या नाशिकरोडलाच करन्सी नोट प्रेस आहे, १९२८ पासून. तिथे छापतात त्या नोटा. त्या मोजता येतात, म्हणून हाऊ मेनी नोट्स. मनी मात्र मोजत नाहीत, हाऊ मच मनी. मराठीत पैसे हे अनेकवचन, म्हणून पोरांच्या तोंडी मेनी मनी येतं. चूक आळसाची नाही, मराठीतून आलेली आहे. हे एकदा सांगितलं की पुन्हा होत नाही.

आणि ती व्हॉट्सॲपवर फिरणारी शंभर अनकाउंटेबल, म्हणजे न मोजता येणाऱ्या, शब्दांची यादी कृपा करून मला पाठवू नका. त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी असतो तो जाड शब्दकोश घ्या. त्यात नामापुढे सी किंवा यू अशी खूण असते. सी म्हणजे मोजायचं, यू म्हणजे नाही. कित्येक शब्दांपुढे दोन्ही खुणा असतात, अर्थ वेगळे. शंका आली की उघडायचा. अर्धं मिनिट लागतं. पॅकहाउसमधल्या त्या पोराने ते अर्धं मिनिट वाचवलं होतं.

दिसत नाही ते ॲबस्ट्रॅक्ट

ही व्याख्या कोणी काढली त्याला एकदा माझ्या वर्गात बसवायचंय. दिसत नाही म्हणून पोरं एअरला ॲबस्ट्रॅक्ट लिहितात. पाचवीतल्या एकाने विचारलं होतं, "मॅडम, चहातली साखर विरघळली की ती ॲबस्ट्रॅक्ट होते का?" प्रश्न अगदी रास्त होता. व्याख्याच फुटकी.

हवा हा पदार्थ आहे, सायकलच्या ट्यूबमध्ये भरता येतो, म्हणून मटेरिअल. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे गुण, अवस्था किंवा क्रिया यांचं नाव. ते कुणाचं तरी असतं. शौर्य कोणाचं, गरिबी कोणाची, बालपण कोणाचं, असं विचारता येतं. निवडणुकीत आपण "यंदा हवा कोणाची" विचारतो, तेव्हा मात्र तीही ॲबस्ट्रॅक्ट झालेली असते.

मराठीत पणा, त्व, ता, की, गिरी लावून अशी नामं होतात, चांगुलपणा, पाटीलकी, गुलामगिरी. इंग्रजीत नेस, इटी, हूड, शिप. पण सगळीकडे नेस चोपडायचा नाही. पुअरनेस लिहिणारे दर बॅचला दोन तरी निघतात. पॉव्हर्टी म्हणा. वाइजचं विझडम. आणि ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे न मोजता येणारं, हाही गैरसमज. आयडिया ॲबस्ट्रॅक्ट आहे आणि खुशाल मोजा, थ्री आयडियाज. ऑनेस्टी मोजू नका.

बाकीच्या, पटापट

मराठीत तीन प्रकार (सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक) आणि इंग्रजीत पाच, मग खरं कोणतं? दोन्ही. मराठी व्याकरण समूहवाचक आणि पदार्थवाचक नामं सामान्यनामातच धरतं. टीम ही कॉमनही आहे आणि कलेक्टिव्हही. परीक्षेत जो जास्त नेमका तो लिहा, म्हणजे कलेक्टिव्ह.

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून आपला हात तिथे जात नाही. वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावं कॅपिटलने सुरू होतात. मराठीचं एमसुद्धा.

प्रॉपर नाऊनला द नाही, हा नियम अर्धाच. शहराला नाही, एकट्या डोंगराला नाही, नदीला मात्र हवा. "द गोदावरी राइझेस ऑन ब्रह्मगिरी" हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी दोन्ही निभतात.

कालिदासाला "द शेक्सपिअर ऑफ इंडिया" म्हटलं की शेक्सपिअर कॉमन होतो, कारण तिथे तो माणूस नसून थोर नाटककार असा अर्थ आहे. तो द त्याच कामाचा. शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिरात नाटकाला गेलात की आठवा. वर्गात तीन कुंभकर्ण आहेत, हेही तेच.

प्राण्यांच्या कळपांचे शब्द घोकू नका. सिंहांच्या कळपाला प्राइड म्हणतात हे पोरांना पाठ असतं. आपल्याकडे उसात येतो तो बिबट्या, आणि तो एकटा येतो. त्यापेक्षा अ बंच ऑफ ग्रेप्स शिका, रोज लागेल. आणि ग्रेप्स म्हणा, आय लाइक ग्रेप नको.

पोलीस नेहमी अनेकवचनी, द पोलीस आर कमिंग. एकच आला असेल तर अ पोलीसमन किंवा अ पोलीस ऑफिसर.

फॅमिली कलेक्टिव्ह आहे, घरातली सगळी माणसं मिळून. मोठ्यांच्या बॅचमध्ये एक साठीचे काका होते. ओळख करून देताना उभं राहून म्हणाले, "माय फॅमिली इज अ टीचर इन सिन्नर." मी म्हटलं, "काका, वाइफ म्हणा." ते लाजले, खाली बसले. पुढच्या आठवड्यात काकूंना घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, धिस इज माय फॅमिली." मी नाद सोडला.