एमएमपी-९ चालत नाही? आधी या चुका टाळा

एमएमपी-९ म्हणजे जिलेटिनसारखी प्रोटीन कापणारं एन्झाइम. "ताई, एन्झाइम खराब आलंय." वडोदऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी वही मागते. बहुतेक वेळा वायलमधला माल उत्तम असतो, घोळ आपण घातलेला असतो.

सगळ्यात मोठा घोळ ॲक्टिव्हेशनचा. माणसाचं रिकॉम्बिनंट (लॅबमध्ये बनवलेलं) एमएमपी-९ बहुधा प्रोएन्झाइम म्हणून, म्हणजे निष्क्रिय रूपात येतं, साधारण ९२ किलोडाल्टनचं. त्याच्या प्रोपेप्टाइडमधलं, म्हणजे नंतर कापला जाणाऱ्या तुकड्यातलं, एक सिस्टीन कामाच्या जागेवरच्या झिंकला धरून बसलेलं असतं. ती पकड सोडवायला एपीएमए हे रसायन लागतं: १ मिलिमोलर, ३७ अंशांवर, २४ तास.

एका नवरात्रात आमच्या एका विद्यार्थ्याने हे काम एका तासात उरकलं. एमएमपी-२ ला तासभर पुरतो, मग याला का नाही, असा त्याचा हिशेब. शिवाय संध्याकाळी गरबा. दुसऱ्या दिवशी फ्लुओरेसंट सबस्ट्रेट (एन्झाइमने कापला की चमकणारा) घातला, तर प्लेट रीडरवर रेघ आडवीच. म्हणून त्याने जिलेटिन झायमोग्राम केला (जिलेटिन मिसळलेल्या जेलमध्ये एन्झाइम पळवायचं, जिथे ते जिलेटिन पचवतं तिथे पांढरा पट्टा दिसतो) आणि निळ्या जेलवर ९२ पाशी पांढरा स्वच्छ पट्टा आला. "एन्झाइम चालतंय, सबस्ट्रेटच खराब," असं ठरवून नवा सबस्ट्रेट मागवला. त्याची वाट बघण्यात तीन आठवडे गेले, आणि रेघ पुन्हा आडवी.

झायमोग्राममध्ये एसडीएस या डिटर्जंटने प्रोटीनची घडी उलगडते, आणि एसडीएस धुऊन काढल्यावर न कापलेलं प्रोएन्झाइमसुद्धा जिलेटिन पचवतं. त्यामुळे पट्टा दिसला एवढ्याने काही सिद्ध होत नाही, तो कुठे दिसला ते बघायचं. ८२ च्या आसपास खाली सरकला असेल तरच ॲक्टिव्हेशन झालं. त्याच वायलच्या उरलेल्या अलिकॉटला (वेगळ्या ठेवलेल्या वाट्याला) पूर्ण २४ तास दिले आणि रेघ पहिल्या पाच मिनिटांत चढली. मला राग गरब्याचा नाही. सकाळी नऊला लावलं असतं तर दुसऱ्या दिवशी नऊला काढून संध्याकाळी खुशाल खेळता आलं असतं.

मी दर वेळी दोन कंट्रोल ठेवते: एपीएमए न घातलेलं एन्झाइम, आणि एन्झाइमशिवाय नुसतं एपीएमए. एपीएमएमध्ये पारा असतो. हातमोजे घाला, कचऱ्याची बाटली वेगळी ठेवा, सिंकमध्ये ओतू नका.

बफरमध्ये ईडीटीए नको, ते एन्झाइमला लागणारे धातू ओढून घेतं; कॅल्शियम हवं. बऱ्याच प्रोटीएज इन्हिबिटर कॉकटेलमध्येही ईडीटीए असतं, लेबल वाचा. पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचा बफरही नको, त्यात कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ बसतो. ५० मिलिमोलर ट्रिस, १० कॅल्शियम क्लोराइड, १५० मीठ, ०.०५ टक्के ब्रिज-३५ (सौम्य डिटर्जंट), पीएच ७.५: माझा बफर वर्षानुवर्षं हाच.

वायल उघडण्याआधी स्पिन करा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. व्होर्टेक्स नको, बोटाने हलकं टिचकवा.

एकच ट्यूब रोज वितळवून पुन्हा गोठवणाऱ्यांवर मात्र मी खरंच चिडते. पहिल्याच दिवशी लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये दहा-दहा मायक्रोलिटर भरा, उणे ८० ला ठेवा, वापरलेली ट्यूब फेकून द्या. मे महिन्यात तर ट्यूब बर्फाच्या डब्यातच घेऊन टेबलावर या. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर नको, तो मधूनमधून गरम होतो. आणि ट्यूबवर नुसतं 'एमएमपी-९' लिहू नका. 'प्रो' की 'ॲक्टिव्ह' ते लिहा, सोबत तारीख, आणि स्पिरिटने न पुसणाऱ्या पेनाने.